सिरिलिक शिकायचीय? इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी कान वापरा: रशियनच्या ३३ अक्षरांचं सविस्तर मार्गदर्शन

रशियन शिकायला बसलेल्या मराठी मुलांना तिच्या सिरिलिक लिपीची जेवढी धास्ती असते तेवढी ती अवघड अजिबात नाहीये. एकूण ३३ अक्षरं, त्यात १० स्वर, २१ व्यंजनं आणि २ खुणा ज्यांना स्वतःचा आवाज नाही, बास. मात्रा-वेलांट्या नाहीत, जोडाक्षरं नाहीत, रफार नाही. खरी अडचण अशी की नेटवर सिरिलिक शिकवणारं जे काही सापडतं ते बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, अमुक अक्षर म्हणजे इंग्रजीतल्या तमुक शब्दातला आवाज वगैरे, आणि आपण तेच पाठ करतो, मग त च्या जागी ट येतो, द च्या जागी ड येतो, आणि च चे जे दोन प्रकार आपण लहानपणापासून कुणी न शिकवता बोलतो ते इथे आले की अचानक अवघड वाटायला लागतात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, सिरिलिक इंग्रजीतून नका शिकू, देवनागरीतून शिका. डोळ्यांना थोडे दिवस इंग्रजी विसरायला लावायचं आणि कानाने मराठी आठवायची.

हे कुणाला लागतं? मेडिकलसाठी महाराष्ट्रातून रशिया, किरगिझस्तान, कझाकस्तानला जाणाऱ्या मुलांना तर लागतंच, कारण कोर्स इंग्रजीत असला तरी वॉर्डातले बरेच पेशंट तुमच्याशी रशियनमध्ये बोलणार आणि केसपेपरही बऱ्याचदा रशियनमध्येच असणार. गोव्यात मोरजी, हरमल भागात धंदा करणाऱ्यांना लागतं, तिथे रशियन पर्यटक इतके येतात की पाट्या आणि मेन्यू रशियनमध्ये लावलेले दिसतात. आणि बाकी ज्यांना नुसती आवड आहे त्यांचं तर स्वागतच आहे.

सुरुवातीची तयारी

एक रेघांची वही, पेन, आणि मोबाइलवर ३३ अक्षरांचा असा एक तक्ता ज्यात मोठी छापील, छोटी छापील आणि हाताने लिहायची अशी तिन्ही रूपं आहेत. या लेखात मी अक्षरांचे आकार मुद्दाम शब्दांत सांगितलेत. पद्धत अशी ठेवा की आधी वर्णन वाचायचं, वहीत अंदाजाने अक्षर काढायचं, मग तक्त्यावर ताडून बघायचं आणि चुकलं असेल तर तिथेच नीट काढून घ्यायचं. नुसता तक्ता बघत बसलात तर दुसऱ्या दिवशी निम्मं जातं, हाताने काढलेलं अक्षर मात्र टिकतं. शब्द दिले असतील तिथेही तेच, अक्षरं जोडून शब्द वहीत लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. मोठ्याने हं, मनातल्या मनात वाचलं की डोळे गुपचूप इंग्रजी उच्चार घुसवतात.

तक्त्याच्या क्रमाने पाठ करू नका. क्रम लागतो तो शब्दकोश बघायला, आणि तो नंतर आपोआप येतो. आधी ओळखीची अक्षरं, मग फसवी, मग नवीन, असं जायचं.

लिहिताना मी नुक्ता दिलेला ज़ वापरलाय तो झेब्रा, झू या शब्दांतल्या आवाजासाठी आणि साधा झ वापरलाय तो एका वेगळ्या अक्षरासाठी, त्याचं पुढे बोलू.

पहिला गट: पाच ओळखीची अक्षरं

इंग्रजी ए, के, एम, ओ आणि टी सारखी दिसणारी पाच अक्षरं आवाजालाही तशीच आहेत, आ, क, म, ओ, त. फक्त शेवटच्या अक्षरापाशी थांबा. ते टी सारखं दिसतं म्हणून आपल्या तोंडातून ट निघतो, पण रशियनमध्ये ट नाहीच, तिथे दातांना जीभ लावून म्हणायचा आपला स्वच्छ त आहे. तसंच क म्हणताना इंग्रजांसारखी हवा सोडायची नाही, आपला साधा क. इथे आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत, कारण त आणि थ, क आणि ख हे आपल्याला बालवाडीपासून वेगळे ऐकू येतात.

एवढ्या पाच अक्षरांत मामा म्हणजे आई, ताम म्हणजे तिकडे, क्तो म्हणजे कोण, कोत म्हणजे बोका आणि आतम म्हणजे अणू, इतके शब्द वाचता येतात. आतम लिहिताना मात्र त नंतर ओ चं अक्षर घाला, ते बोलताना आखूड अ का होतं ते पुढे येईल. छोटी अक्षरं छापील रूपात मोठ्यांसारखीच असतात, नुसती आकाराने लहान, त्यामुळे छोटा त म्हणजे छोटासा टीच दिसतो, इंग्रजी छोट्या टी सारखा नाही. संपूर्ण लिपीत छापील छोटं रूप खरोखर वेगळं दिसतं ते इंग्रजी ए आणि ई सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचं आणि ब च्या अक्षराचं, त्यामुळे मोठं-छोटं वेगळं पाठ करायचं काम जवळजवळ नाहीच.

दुसरा गट: सात फसवी अक्षरं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दिसायला इंग्रजी, आवाज दुसराच, अशी ही सात अक्षरं आहेत आणि जवळजवळ सगळ्या चुका इथेच होतात.

बी सारखं दिसतं ते व. एच सारखं दिसतं ते न. पी सारखं दिसतं ते र, आपला खणखणीत मराठी र. सी सारखं दिसतं ते स, कायम स, क कधीच नाही. वाय सारखं दिसतं ते ऊ. एक्स सारखं दिसतं ते ख, पण आपला खटाऱ्यातला ख नाही, उर्दूत खबर, खुदा म्हणताना घसा घासून जो निघतो तो. आणि ई सारखं दिसतं ते ये.

जुने फोटो आठवा, १९६१ च्या युरी गागारिनच्या हेल्मेटवर मोठ्या लाल अक्षरांत काय लिहिलं होतं? आपण ते सी सी सी पी असं वाचतो. आता वरच्या नियमाने वाचा, स स स र, म्हणजे सोवियत संघाच्या रशियन नावाची आद्याक्षरं. या एका शब्दात दोन फसवी अक्षरं कायमची डोक्यात बसतात.

दुसरा शब्द रेस्टॉरंटचा. इंग्रजी डोळ्यांना पाटीवर पेक्टोपाह असं काहीतरी दिसतं. पी म्हणजे र, ई म्हणजे ये, सी म्हणजे स, मग त, ओ, परत र, आ, आणि एच म्हणजे न. रेस्तोरान! मोरजीच्या एखाद्या पाटीवर हे स्वतः सोडवून बघा, त्यानंतर पी ला प म्हणायचा मोह बराच कमी होतो.

आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, कारण तो आपलाच आहे. सी, ए, एक्स, ए, पी, अशी पाच अक्षरं. वाचा, साखर. अर्थही साखरच. आपल्याकडची शर्करा ग्रीकमधून फिरत रशियापर्यंत पोचली आणि आपल्याकडे तिचीच साखर झाली. हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा, त्यात स, ख, र ही तीन फसवी अक्षरं एका दमात येतात.

सरावाला अजून घ्या: न्येत म्हणजे नाही, मोस्क्वा म्हणजे मॉस्को, म्येत्रो, सोक म्हणजे ज्यूस, ऊत्रो म्हणजे सकाळ, कास्सा म्हणजे तिकिटाची किंवा पैसे भरायची खिडकी. हे शब्द अक्षरं बघून न अडखळता वाचता येईपर्यंत पुढच्या गटाला हात लावू नका. दोन दिवस गेले तरी जाऊ देत.

तिसरा गट: गणिताच्या वहीतली अक्षरं

दहावीपर्यंत गणित-विज्ञान केलं असेल तर पुढची पाच अक्षरं तुम्ही आधीच बघितलीत. वर्तुळाच्या सूत्रातला पाय आठवा, दोन खांबांवर आडवी तुळई, तो प. डेल्टा म्हणजे त्रिकोण, त्याला खाली दोन छोटे पाय लावले की द. तरंगलांबीचा लॅम्डा म्हणजे ल, छापील रूपात त्याचं डोकं बऱ्याचदा सपाट असतं त्यामुळे तो प सारखाच पण डावा खांब वाकडा असा दिसतो, हे दोन नीट वेगळे करून घ्या. गॅमा म्हणजे ग, उभी रेघ आणि वर उजवीकडे आडवी. आणि फाय म्हणजे फ, गोलातून आरपार उभी रेघ.

हे ग्रीकसारखं का, तर इतिहास थोडक्यात असा. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या दोघा भावांनी स्लाव लोकांच्या भाषेसाठी लिपी बनवली, पण ती ग्लागोलिती, तिचे आकार पार वेगळे होते. त्यांच्या शिष्यपरंपरेत बल्गेरियात ग्रीक अक्षरांवर आधारलेली दुसरी सोपी लिपी तयार झाली आणि तिला सिरिलचं नाव मिळालं. ग्रीकमध्ये जे आवाज नव्हते, श, च, त्स वगैरे, त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं घेतली. पुढे पीटर द ग्रेटने १७०८ पासून अक्षरांचे आकार लॅटिन छपाईच्या जवळ आणले आणि १९१८ च्या सुधारणेत नको असलेली काही अक्षरं काढून टाकली. म्हणून आजच्या तक्त्यात थोडं ग्रीक, थोडं लॅटिनसारखं आणि थोडं एकदम वेगळं असं मिश्रण दिसतं.

उच्चाराचं दोनच सांगते. द म्हणजे आपला द, ड नाही, त्यामुळे डॉक्टर हा दोक्तर होतो. फ म्हणताना ओठ मिटायचे नाहीत, कॉफीमधला फ. आणि ल जरा जड वाटतो म्हणून काही जण तिथे ळ लावतात, तो नका लावू, जिभेचं टोक दातांशी ठेवूनच जड ल म्हणायचा असतो.

शब्द: दोम म्हणजे घर, पार्क, लाम्पा, फोतो, पास्पोर्त, आप्त्येका म्हणजे औषधाचं दुकान. मेडिकलवाल्यांनी हा शेवटचा पाठच करा. आता १७ अक्षरं झाली, निम्मी लिपी.

चौथा गट: स्वरांच्या जोड्या

रशियनचे दहा स्वर सुटे सुटे पाठ करणं म्हणजे उगाच कष्ट. त्यांच्या पाच जोड्या आहेत: आ-या, ए-ये, ओ-यो, ऊ-यू आणि एक विचित्र जोडी, तिचं शेवटी.

आकार बघा. या म्हणजे आरशात दिसणारा आर. हेच अक्षर एकटं लिहिलं की त्याचा अर्थ मी. यू म्हणजे उभी काठी आणि ओ, मधे छोट्या रेघेने जोडलेले. ए म्हणजे उलटा सी आणि त्याच्या पोटात आडवी रेघ. यो म्हणजे ये च्याच अक्षरावर दोन टिंबं. ई म्हणजे आरशातला एन, आणि त्याच्यावर आपल्या ॲ वरच्या चंद्रासारखी खूण दिली की तो नुसता आखूड य होतो, जसा चाय मध्ये शेवटी येतो.

आता नियम. या, ये, यो, यू ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला किंवा स्वरानंतर आली तर य स्पष्ट ऐकू येतो. व्यंजनानंतर आली तर तो य व्यंजनात मिसळतो आणि व्यंजन मऊ होतं, न च्या पुढे या आला की न्या, न्याहारीतला. इंग्रजी पुस्तकं या मऊपणावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याला न, न्य, ल, ल्य हे ऐकायची सवय आहेच, फक्त एवढं लक्षात ठेवा की रशियनमध्ये दोन आवाज एकामागोमाग काढायचे नसतात, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलूनच ते व्यंजन म्हणायचं असतं.

विचित्र जोडीत एक आपला साधा ई, आणि दुसरा असा स्वर जो मराठीत नाही. त्याचं अक्षर म्हणजे छोटा बी आणि त्याच्या शेजारी सुटी काठी. तो काढायचा कसा? ऊ म्हणा, जीभ जिथे मागे गेलीये तिथेच ठेवा, आणि फक्त ओठ ई म्हणताना पसरतात तसे पसरा. सुरुवातीला गळा दाबल्यासारखा आवाज येतो, येऊ देत, रोज थोडा वेळ करा. हा नीट आला नाही तर अर्थ बदलतो, बिल म्हणजे त्याने मारलं आणि तोच शब्द या दुसऱ्या स्वराने म्हटला की अर्थ होतो तो होता.

याच गटात दोन सोपी व्यंजनं उरकून टाका. इंग्रजी आकडा तीन दिसतो तो ज़. जुना, जोर म्हणताना जीभ जिथे जाते तिथेच न्यायची, पण दातांना टेकू द्यायची नाही, नुसती हवा सोडायची. आणि ब म्हणजे बी च्या वरच्या पोटाच्या जागी सरळ आडवी रेघ. बांक म्हणजे बँक, मुज़ेय म्हणजे म्युझियम, इंदिया.

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग विमानं बनली हे आपल्याला माहीत असतं. ते नाव म, ई, ग या तीन सिरिलिक अक्षरांचं आहे, मिकोयान ई गुरेविच, आणि मधला ई म्हणजे नुसतं आणि. त्याच ओझरच्या सुखोई तीस एमकेआयमधला शेवटचा आय म्हणजेही रशियन ई, इंदीस्की, म्हणजे भारतीय.

पाचवा गट: च, त्स, श, आणि झ चं कुटुंब

इंग्रजी माणसाला रडवणारा हा गट आणि इथेच मराठी माणसाची चांदी आहे.

चार, चिमणी, चेहरा म्हणून बघा. आता चाक, चोर, चूल म्हणा. अक्षर एकच पण च दोन, पहिला टाळूचा, दुसरा दातांजवळचा. देवनागरीत आपण फरक लिहीत नाही, रशियन लिहितात. इंग्रजी आकडा चार सारखं, वरून उघडं दिसणारं अक्षर म्हणजे चिमणीचा च. आणि चौकोनी यू ला उजवीकडे खाली छोटी शेपटी, ते चाकाचा च, ज्याला पुस्तकात त्स लिहितात. त्स वाचून जीभ अडखळते ना, मग त्स विसरा आणि चाक म्हणा. हिंदीभाषक मुलांना हा आवाज घोटवावा लागतो, आपल्याकडे तो घरचा आहे. आपण ज्याला मराठीत झार म्हणतो तो रशियाचा राजासुद्धा मूळ रशियनमध्ये याच चाकाच्या च ने सुरू होतो. अजून शब्द, त्सेन्त्र म्हणजे सेंटर, त्सेना म्हणजे किंमत, आणि चिमणीच्या च चा चाय, ज्याचा अर्थ सांगायला नको.

आता श. तीन उभे दांडे, खाली एका रेघेने जोडलेले, हा पहिला श. त्यालाच उजवीकडे शेपटी लावली की दुसरा. इंग्रजीत दुसऱ्याला श्च लिहितात आणि मुलं बिचारी श आणि च जोडून म्हणत बसतात. आपण शाळेत शहामृगाचा श आणि षटकोनाचा ष वेगळे शिकलो पण बोलताना बहुतेक सगळे दोन्ही सारखेच म्हणतो. इथे त्या शाळेतल्या ष ची धूळ झटका. जीभ मागे वळवून म्हणायचा खरा मूर्धन्य ष, तो शेपटीशिवायचा. आणि जीभ पुढे, टाळूजवळ, लांबवून म्हणायचा श्श, निश्शंक मधला, तो शेपटीवाला. ष्कोला म्हणजे शाळा. बोर्श्श म्हणजे ते बिटाचं लाल सूप.

राहिला झ. आकार म्हणजे एक्स च्या मधोमध उभी रेघ, सहा पायांच्या किड्यासारखं, आणि गंमत म्हणजे रशियनमध्ये झूक याचा अर्थच भुंगेरा. हा आवाज मराठीत नाही पण तयार करता येतो. ष लांबवत म्हणा, जीभ तशीच ठेवा, आता घशातून आवाज सोडा, घशावर बोट ठेवलं तर थरथर जाणवली पाहिजे. झाला. हे अक्षर एका व्यवहाराच्या कारणासाठी पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवं, टॉयलेटच्या दारावर हे एकटं लिहिलेलं असलं तर ते बायकांचं आणि म लिहिलेलं असलं तर पुरुषांचं.

दोन मुक्या खुणा

छोट्या बी सारखी दिसते ती मऊ खूण. तिला आवाज नाही, ती आधीच्या व्यंजनाला मऊ करते. ब्रात म्हणजे भाऊ, आणि शेवटी ही खूण लावली की ब्रात्य, म्हणजे घेणे. ऊगल म्हणजे कोपरा, खूण लावली की कोळसा. ज्या खुणेने अर्थ बदलतो ती गाळायची नाही, वहीत लिहिताना तर अजिबात नाही. तिच्याच डोक्यावर डावीकडे छोटा झेंडा लावला की कठीण खूण. ही कमी येते आणि तिचं काम व्यंजन आणि पुढचा य यांना वेगळं ठेवणं. स्येल म्हणजे तो बसला, मधे कठीण खूण आली की स्-येल, त्याने खाल्लं. ३३ पूर्ण झाली.

लिहिलेलं आणि बोललेलं

अक्षरं आली तरी कानाला वेगळंच ऐकू येतं, त्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं म्हणजे जोर. शब्दात एकाच ठिकाणी जोर असतो आणि जोर नसलेला ओ हा आ किंवा अ होतो. दुधाच्या शब्दात तीन ओ लिहिलेत पण म्हणतात मलाको. मोस्क्वा लिहितात, मस्क्वा म्हणतात. जोर नसलेला ये सुद्धा इ कडे झुकतो, म्हणून मघाचा म्येत्रो बोलताना मित्रो होतो. जोर कुठे ते छापील मजकुरात दाखवत नाहीत, त्यामुळे नवीन शब्द नेहमी ऐकून शिका आणि वहीत त्या स्वरावर तिरकी रेघ द्या. ज़ामोक च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप.

दुसरं, शब्दाच्या शेवटी ब, व, ग, द, झ, ज़ हे प, फ, क, त, ष, स होतात. ख्ल्येब म्हणजे ब्रेड, म्हणताना ख्ल्येप. चेखव या लेखकाचं नाव म्हणताना चेखफ.

तिसरं ते यो वरचं. दोन टिंबांचं हे अक्षर १७८३ मध्ये प्रिन्सेस दाश्कोवा यांनी सुचवलं, पण आजही पुस्तकं-पेपरांत टिंबं गाळून नुसतं ये छापतात. त्यामुळेच आपल्याकडे गोर्बाचेव्ह आणि ख्रुश्चेव्ह अशी नावं रुळली, रशियन माणूस म्हणतो गर्बाचोफ आणि ख्रुश्शोफ. शिकणाऱ्यांच्या पुस्तकात टिंबं असतात, पुढे ती नसतील हे मनाशी धरून ठेवा.

हाताने लिहायचं रूप

हा टप्पा बहुतेक जण सोडतात आणि मग वर्गात फळ्यावरचं वाचता येत नाही. रशियात सगळे जोडून लिहितात, छापील अक्षरं कुणी हाताने काढत नाही. छापील ओळखता आली की लगेच हे सुरू करा. काही छोटी अक्षरं इथे रूपच बदलतात: त हा इंग्रजी छोट्या एम सारखा, द हा छोट्या जी सारखा, प हा छोट्या एन सारखा, ई हा छोट्या यू सारखा. म्हणजे फसव्या अक्षरांचा अजून एक गटच. तिरक्या छापील टाइपातही द सोडला तर हेच आकार येतात, मेन्यू आणि आमंत्रणांवर ते असतात, त्यामुळे टाळून चालत नाही.

ल, म आणि या यांच्या सुरुवातीला खाली एक छोटा हूक असतो, तो जरूर काढा. तो नसेल तर ल, म, ई, ष हे सगळे एका ओळीत नुसत्या लाटा दिसतात. बरेच रशियन लोक वाचायला सोपं जावं म्हणून त च्या वर आणि ष च्या खाली आडवी रेघ देतात, तुम्हीही द्या. तिथल्या पहिलीच्या मुलांच्या कित्ता गिरवायच्या वह्यांना प्रोपिसी म्हणतात, हा शब्द सिरिलिकमध्ये टाइप करून शोधलात तर छापून घ्यायला भरपूर पानं मिळतात, रोज एक पान गिरवा.

टाइपिंग आणि वाचनाचा सराव

फोनच्या सेटिंगमध्ये रशियन कीबोर्ड घाला. वरची ओळ य, त्स, ऊ, क, ये, न अशी सुरू होते. बऱ्याच फोनवर यो साठी ये दाबून धरायचं आणि कठीण खुणेसाठी मऊ खूण दाबून धरायची. कॉम्प्युटरवर आवाजानुसार मांडलेला कीबोर्डही मिळतो, पण तिकडे शिकायला जाणार असाल तर खरा रशियनच शिका, तिथल्या मशिनवर तोच असणार.

वाचायला माझी पहिली पसंती मॉस्को मेट्रोच्या नकाशाला. दिनामो, आएरोपोर्त, उनिवेर्सित्येत, स्पोर्तिवनाया, पार्क कुल्तूरी अशी स्टेशनं आहेत, अर्थ अर्धा तरी माहीत असतो त्यामुळे बरोबर वाचलं की लगेच कळतं, आणि शेजारी लॅटिन अक्षरांत नाव असलेला नकाशा घेतला तर आधी ते झाकून वाचायचं. शेपटीच्या श्श साठी प्लोश्शाद्य रेवोल्यूत्सी हे स्टेशन शोधा, म्हणजे क्रांती चौक. पाट्यांमध्ये व्खोद म्हणजे आत जायचा रस्ता आणि वीखद म्हणजे बाहेरचा, हे दोन आधी.

शिकवणारं माणूस समोर असेल तर उच्चार लवकर सुधारतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रशियन शिकवतो, मुंबईत पेडर रोडला रशियन हाउस आहे आणि मुंबई विद्यापीठात रशियनचा विभाग आहे.

शेवटी स्वतःचं नाव लिहा. इथे काही मराठी आवाजांना तडजोड करावी लागते. ट आणि त दोन्हीला त, ण आणि न दोन्हीला न, ळ ला ल. चिमणीचा च सरळ आहे. ज साठी द आणि झ अशी दोन अक्षरं. भ, ध, ठ साठी ब, द, त च्या पुढे एक्ससारखं दिसणारं ख, म्हणूनच मराठी हा शब्द तिकडे मारातखी असा लिहितात. ह रशियनमध्ये नाही, आता बहुतेक त्याला ख लावतात, पण जुन्या नावांत ग लावायची पद्धत होती, हिमालयाला अजूनही गिमालाई म्हणतात आणि हिटलरला गित्लेर. तुमच्या नावात ह असेल तर कुठलं अक्षर वापरायचं ते आधीच ठरवा. रशियाच्या व्हिसावर नाव सिरिलिकमध्येही छापलेलं असतं आणि तिकडे गेल्यावर पासपोर्टचं नोटरी केलेलं भाषांतर लागतं, दोन कागदांवर दोन स्पेलिंग झाली की प्रत्येक ऑफिसात खुलासे देत फिरावं लागतं, तेव्हा भाषांतर करणाऱ्याला व्हिसाची प्रत दाखवून एक एक अक्षर ताडून घ्या, आता ती तुम्हाला वाचता येतात.